चाकाच्या आतली ओल

दिवाळी आटोपली की सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या रस्त्यांवर ऊस उतरतो. कारखान्यांची धुराडी पेटतात आणि पुढचे काही महिने ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्या कुणालाच उसंत नसते. त्याच रस्त्यांवरून लासलगावचा कांदा, कळंबोलीचं लोखंड आणि न्हावाशेव्याचे कंटेनरही जात असतात. महामार्गालगतच्या गॅरेजांत या दिवसांत मध्यरात्रीही दिवा चालू असतो. क्लच प्लेट, पाटा तुटणं, पंक्चर ही कामं सगळ्यांना माहीत आहेत. पण एक काम असं आहे, ज्याला ड्रायव्हर स्वतःहून फारसं महत्त्व देत नाही. गाडी दुसऱ्याच कामाला आणलेली असते आणि निघता निघता तो म्हणतो, "मिस्त्री, मागचा डाव्या बाजूचा चक्का जरा बघा, आतून तेल फेकतंय."

मिस्त्रीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. गाडी भरलेली आहे की रिकामी, आणि पुढे घाट आहे का?

या प्रश्नातच सगळा विषय आहे. मागच्या एक्सलचं ऑइल सील ही काही शे रुपयांची वस्तू. ते बदलण्याचं काम हात बसलेल्या फिटरला अर्ध्या दिवसापेक्षा जास्त लागत नाही. तरीही गॅरेजांमधून फिरताना दोन गोष्टी वारंवार दिसतात. सील का गेलं हे न शोधता नवं सील ठोकलं जातं, आणि तेल प्यायलेला ब्रेक लायनर पुसून पुन्हा तिथंच बसवला जातो. पहिल्या चुकीनं मालकाचा खर्च दुप्पट होतो. दुसरीनं घाटाखाली उभ्या असलेल्या अनोळखी माणसांचा जीव टांगणीला लागतो. हा लेख या दोन चुकांसाठी आहे.

मागचा एक्सल आतून कसा असतो ते आधी पाहू. दोन मागच्या चाकांच्या मधोमध जो फुगीर भाग दिसतो, तो डिफरन्शियल. त्यात क्राऊन आणि पिनियन ही दातेरी चाकं गिअर ऑइलमध्ये अर्धवट बुडालेली असतात. या भागाच्या दोन्ही बाजूंना जाड नळ्या निघतात. या सगळ्याला मिळून हाऊसिंग म्हणतात. इंजिनाची ताकद क्राऊनपर्यंत येते आणि तिथून नळीतल्या लांब दांड्यावाटे, म्हणजे एक्सल शाफ्टवाटे, चाकापर्यंत पोचते. क्राऊन फिरताना तेल उडवतो. ते तेल नळीतून दोन्ही टोकांकडे सरकत राहतं, आणि वळणावर किंवा रस्ता एका बाजूला कललेला असला की त्या बाजूला जास्तच जातं.

जड ट्रकमध्ये शाफ्टवर वजन नसतं. गाडीचं आणि मालाचं सगळं ओझं हाऊसिंगच्या टोकावर, तिथल्या दोन निमुळत्या रोलर बेअरिंगांवर आणि त्यांवर फिरणाऱ्या हबवर असतं. शाफ्टचं काम फक्त फिरवण्याचं. म्हणून ट्रक चाकांवर उभा असतानाच बाहेरचे नट काढून शाफ्ट ओढून काढता येतो. पाहणाऱ्याला त्याचं नवल वाटतं, मिस्त्रीला ते रोजचं आहे. छोट्या पिकअपमध्ये बहुतेक वेळा तसं नसतं. तिथं शाफ्टच गाडीचं वजन पेलतो, सील नळीच्या तोंडाशी असतं आणि शाफ्टबरोबर बेअरिंगही बाहेर येतं. या लेखात पुढे जे सांगितलं आहे ते मोठ्या ट्रकबद्दल आहे.

हब फिरतो, हाऊसिंगचं टोक स्थिर असतं. या दोहोंमधली फट बंद करायला हबच्या आतल्या बाजूला सील बसवलेलं असतं. बऱ्याच जुन्या बनावटीत हबमध्ये ग्रीस भरलेलं असतं आणि डिफरन्शियलचं तेल हबपर्यंत येऊ नये म्हणून नळीच्या टोकाशी आणखी एक सील असतं. नव्या बनावटींत बऱ्याच ठिकाणी तेच तेल बेअरिंगांनाही पुरवलेलं असतं. रचना कोणतीही असो, हबच्या सीलपलीकडे फार अंतर राहत नाही. पलीकडे लगेच ब्रेकचा ड्रम आणि त्यावर आवळून चाक थांबवणारा लायनर. तेल सुटलं की ते थेट ब्रेकवर जातं. या गळतीचं गांभीर्य याच जागेमुळे आहे. इंजिनाचं तेल जमिनीवर ठिबकतं, ते डोळ्यांना दिसतं आणि मालकाच्या खिशाला लागतं. इथलं तेल ड्रममध्ये लपतं.

सील दिसायला साधं. पोलादी कडं, त्यावर रबर, रबराची एक पातळ कड आणि त्या कडेला आवळून धरणारी बारीक गोल स्प्रिंग. ही कड ज्या पट्टीवर टेकते, तिची रुंदी मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याएवढी. तिच्याखाली डोळ्यांना न दिसणारा तेलाचा थर असावाच लागतो. कोरडी घासली तर ती काही वेळात जळते. कडेच्या दोन्ही बाजूंचे उतार मुद्दाम असमान ठेवलेले असतात. फिरताना निसटू पाहणारं तेल त्यामुळे परत आत ढकललं जातं. म्हणून सील उलटं बसवलं तर ते तेल अडवायच्या ऐवजी बाहेर काढायला मदत करतं. स्प्रिंगची बाजू तेलाकडे, हा नियम प्रत्येक शिकाऊ पोराला पहिल्याच आठवड्यात सांगितला जातो.

पूर्वी ही कड चामड्याची असे. जर्मनीतल्या वाइनहाइम गावी १८४९ साली सुरू झालेला फ्रॉयडनबर्ग हा मुळात चामडं कमावणारा कारखाना. १९३० च्या दशकात तिथं वाल्टर झिमर या अभियंत्याच्या कामातून स्प्रिंग आवळलेलं चामड्याचं सील पुढे आलं आणि त्याच दशकात चामड्याची जागा कृत्रिम रबरानं घेतली. आजही त्या कारखान्याचं सील झिमररिंग याच नावानं विकलं जातं. आपल्याकडच्या मिस्त्रीच्या फळीवर निळ्या-पिवळ्या खोक्यांत पडलेलं सील त्याच घराण्यातलं.

आता गळतीची ओळख. चांगला ड्रायव्हर पहाटे निघताना गाडीभोवती एक फेरी मारतो. टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, टायर ठोकून आवाज ऐकतो, दोरखंड बघतो. त्याच फेरीत वाकून मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला बॅटरीचा उजेड टाकायचा. निरोगी चाकाच्या आत कोरडी धूळ असते. सील गेलेलं असेल तर आतल्या टायरच्या बाजूवर, रिमवर आणि ब्रेकमागच्या पत्र्यावर ओलसर काळपट चकाकी दिसते. चाक फिरताना तेल मध्यापासून कडेकडे फेकलं जातं, म्हणून ओघळ मधून बाहेर जाणाऱ्या रेघांसारखे पसरतात. वरून ओघळलेलं पाणी किंवा मालातला रस असा कधीच पसरत नाही. गळती जुनी असेल तर तेलावर धूळ बसून जाड काळा थर जमतो, तो नखानं निघतो. थर जाड पण वरून कोरडा असेल तर कधीतरी गळून थांबलेलं आहे, किंवा तेल इतकं कमी झालंय की गळायला उरलेलं नाही. ही दुसरी शक्यता जास्त वाईट.

बोटावर घेऊन वास घ्यावा. गिअर ऑइलमध्ये दातांवरचा दाब सोसण्यासाठी गंधकाची रसायनं मिसळलेली असतात, त्यामुळे त्याला उग्र, कुजकट वास असतो. एकदा घेतला की विसरत नाही. छोट्या गाड्यांना हायड्रॉलिक ब्रेक असेल तर ब्रेक ऑइल पातळ, फिकट आणि वासानं वेगळं. हबमध्ये ग्रीस असणाऱ्या गाडीत बाहेर पडणारं ग्रीस घट्ट असेल तर फक्त हबचं सील गेलं. ग्रीस पातळ पेजेसारखं वाहत असेल तर आतलंही सील गेलेलं आहे आणि डिफरन्शियलचं तेल ग्रीसमध्ये मिसळलंय. अशा वेळी एकच सील बदलून भागत नाही.

बाहेरच्या बाजूची ओल वेगळी. शाफ्टची चकती हबला जिथं नटांनी आवळलेली असते तिथून तेल आलं, तर ओघळ चाकाच्या बाहेरच्या तोंडावर दिसतात. तिथं कागदी पॅकिंग किंवा ढिले नट हे कारण असतं आणि काम अर्ध्या तासाचं. पिनियनचं सील गेलं तर तेल हाऊसिंगच्या पुढच्या तोंडाशी, जिथं प्रोपेलर शाफ्ट जोडलेला असतो तिथं फेकलं जातं आणि वर चेसिसच्या पोटाला लागतं. शंका असेल तर सगळं पुसून, धुऊन, वीस-तीस किलोमीटर चालवून पुन्हा पाहायचं. ताजी ओल जिथं उमटेल तिथं रोग. पावसाळ्यात तर याशिवाय नक्की सांगताच येत नाही.

गाडी चालवताना कळतं का? थोडं कळतं, आणि उशिरा कळतं. पुढच्या चाकाचा एक ब्रेक कमी झाला तर स्टिअरिंग लगेच हात ओढतं. मागच्या चाकाचं तसं होत नाही. भरलेल्या गाडीत तर ते जाणवतही नाही. सुरुवातीला थोडंसं तेल लागलेला लायनर उलट कधीकधी ड्रमला चिकटून झटका देतो, त्यामुळे ब्रेक जास्तच तेज झाल्यासारखा वाटतो. पुढे तेल मुरलं की तो गुळगुळीत होऊन सरकतो. गाडी त्या बाजूला न थांबता दुसऱ्या बाजूला कलते. घाट उतरल्यावर एकाच चाकातून धूर आणि जळक्या तेलाचा वास आला, किंवा एकच हब इतरांपेक्षा फार तापलेला आढळला, तर पुढे जाऊ नये. हात लावून पाहू नये, जवळ धरला तरी ऊब कळते.

सपाट रस्त्यावर आणि रिकाम्या गाडीत उरलेले ब्रेक भागवून नेतात. म्हणूनच ड्रायव्हरला वाटतं, चालतंय. घाटात हिशेब बदलतो. तीन एक्सलच्या दहा चाकी ट्रकचं भरलेलं वजन २८.५ टनांपर्यंत असू शकतं. खंडाळ्याहून बोरघाटानं खोपोलीकडे उतरताना उंची साधारण ५०० मीटरनं कमी होते. एवढं वजन एवढं खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते ती विजेच्या मापात ३८ युनिटच्या वर भरते. काही भाग इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेक खातात, काही हवा आणि टायर. उरलेली सगळी उष्णता ड्रम आणि लायनरमध्ये उतरते. मागच्या चार चक्क्यांतला एक तेलकट झाला की त्याचा वाटा उरलेल्यांवर पडतो. ते जास्त तापतात, तापलेल्या लायनरची पकड कमी होते, ड्रायव्हर पेडल आणखी दाबतो, ते आणखी तापतात. ओल्या ड्रममधलं तेलही तापून धुरावतं आणि पेट घेऊ शकतं. दुसरा धोका बेअरिंगचा. ज्या हबला तेलाचाच पुरवठा आहे त्याचं तेल संपलं की बेअरिंग कोरडं फिरतं, निळं पडतं, अडकतं. त्यानंतर अख्खं चाक ड्रमसकट गाडी सोडून गेल्याची उदाहरणं ट्रकच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार सगळ्यांना माहीत आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथं एका अवजड वाहनानं अनेक वाहनांना धडक दिली. त्या अपघाताशी मी सीलचा संबंध जोडत नाही. सांगायचं एवढंच, की अशा उतारावर भरलेल्या ट्रकच्या ब्रेकमध्ये शिल्लक किती आहे, यावर पुढच्या वाहनांतल्या माणसांचं नशीब ठरतं आणि त्या माणसांना त्याचा पत्ताही नसतो. खंबाटकी, कसारा, कुंभार्ली, आंबोली, चोर्ला, कोणताही घाट घ्या, गणित तेच.

सील का जातं? वय हे एक कारण. उष्णतेनं रबर कडक होतं, कड झिजते. पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते कारण हाऊसिंगच्या डोक्यावर असतं. तिथं ब्रीदर नावाची बोटाच्या पेराएवढी टोपी असते. एक्सल तापला की आतली हवा फुगते, ती या टोपीतून बाहेर जाते. थंड झाला की हवा परत आत येते. आतली हवा ३० अंशांवरून ९० अंशांवर गेली आणि तिला वाट मिळाली नाही, तर दाब सुमारे पाचव्या हिश्श्यानं वाढतो. सीलची नाजूक कड असा दाब सोसण्यासाठी बनवलेलीच नसते. ती उचलली जाते आणि तेल वाट काढतं. उसाच्या फडातला चिखल, रस्त्याची धूळ आणि तेल मिळून ब्रीदरवर सिमेंटसारखा थर बसतो. पासिंगच्या आधी गाडीला खालून रंग मारताना रंगाऱ्याचा ब्रशही त्यावरून फिरतो आणि छिद्र बंद होतं. मग दिवाळीत बदललेलं सील संक्रांतीला पुन्हा गळतं, आणि बोल लागतो सीलच्या कंपनीला किंवा मिस्त्रीच्या हाताला. दोन्ही बाजूंची सीलं एकदम गळायला लागली असतील तर आधी ब्रीदर पाहावा, मग तेलाची पातळी. हौसेनं जास्त भरलेलं तेलही हेच करतं.

ब्रीदर तुंबण्याचा आणखी एक तोटा पुराच्या दिवसांत कळतो. तापलेला एक्सल ओढ्याच्या पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेतून पाणी आत ओढलं जातं. प्लग उघडल्यावर तेल दुधाळ दिसलं तर ते सगळं काढून टाकायचं.

दुसरं मोठं कारण ढिलं बेअरिंग. हब डगमगू लागला की सीलची कड एका बाजूला दाबली जाते, दुसऱ्या बाजूला उघडी पडते. अशा हबमध्ये कितीही महाग सील घाला, ते टिकणार नाही. जादा ओझं हे या डगमगण्याचं जुनं मूळ आहे. १६ जुलै २०१८ ला केंद्र सरकारनं एक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. चार टायरच्या एका एक्सलला १०.२ टन चालत होतं ते ११.५ टन झालं आणि तीन एक्सलच्या ट्रकचं एकूण वजन २५ वरून २८.५ टनांवर गेलं. कायद्यानं वाढवलेलं ओझं एकीकडे. त्याच्यावर भरलेलं ओझं बेअरिंग आणि सील निमूट सोसतात, आणि मग एके दिवशी सोसत नाहीत.

तिसरं कारण ज्यावर सीलची कड फिरते त्या पृष्ठभागावर पडलेली चर. वर्षानुवर्षं एकाच रेषेवर कड घासून पोलादातही खाच पडते. नख आडवं फिरवलं आणि ते अडकलं, तर नवं सीलही त्याच खाचेत बसणार आणि गळणार. तिथलं घासकडं बदलायचं, किंवा त्यावर पातळ पोलादी बाही चढवायची. हे न करता सील बदलणं म्हणजे पैसे टाकणं.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सपाट, घट्ट जागेवर घ्यायची आणि शक्य असेल तर माल उतरवायचा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावायचे. मागच्या चाकांत स्प्रिंग ब्रेक असतो. हवा संपली की स्प्रिंग लायनर आवळून धरते आणि ड्रम निघत नाही. म्हणून ब्रेकच्या हवेच्या चेंबरमागचा बोल्ट फिरवून स्प्रिंग बांधून घ्यायची आणि स्लॅक ॲडजस्टर ढिला करायचा. स्प्रिंगचा चेंबर स्वतः कधी खोलू नये, ती स्प्रिंग माणूस मारू शकते. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे, मग हाऊसिंगखाली जॅक देऊन उचलायची आणि लगेच आधाराची घोडी लावून चाकं उतरवायची. फक्त जॅकवर उभ्या असलेल्या ट्रकखाली माणूस जाताना मी अनेक गॅरेजांत पाहिला आहे. तिथं उस्तादानं हात धरून त्याला बाहेर ओढलं पाहिजे, पुढचं काम मागाहून.

खाली तेलासाठी पाटी ठेवून शाफ्टच्या चकतीचे नट काढायचे. अनेक गाड्यांत नटांखाली फट असलेल्या, शंकूच्या आकाराच्या कड्या असतात आणि त्या घट्ट रुतलेल्या असतात. चकतीच्या मधोमध हातोड्याचा जोरदार घाव घातला की त्या उडून सुटतात. स्टडवर किंवा चकतीच्या कडेला मारणं चूक. चकतीत आटे असलेली भोकं असतील तर त्यात बोल्ट आवळून ती सरळ ढकलता येते. छिन्नी घालून उचकटली तर तोंडावर ओरखडा पडतो आणि उद्या तिथूनच गळती. शाफ्ट जड असतो, तो दोघांनी सरळ ओढायचा.

आत लॉक वॉशरचे दुमडलेले कान सरळ करून चेकनट काढायचा. त्यासाठी त्या मापाचा हब पाना लागतो. छिन्नी-हातोड्यानं नट फिरवण्याची सवय आपल्याकडे इतकी रुळली आहे, की नटाच्या कडा खाल्लेली गाडी पाहिली तर ती किती गॅरेजांतून आली ते वाचता येतं. नट, वॉशर, बाहेरचं बेअरिंग निघालं की ड्रमसकट हब बाहेर येतो.

आता खरी तपासणी. बेअरिंग डिझेलनं धुऊन उजेडात धरायचं. रोलरवर खड्डे, निळसर डाग, पिंजऱ्याला तडा असेल तर बेअरिंग आणि त्याची बाहेरची वाटी दोन्ही बदलायचं. धुतलेलं बेअरिंग हवेच्या नळीनं गरगर फिरवायचं नाही. तरुण पोरांना तो आवाज आवडतो, पण कोरडं बेअरिंग त्यातच ओरखडतं आणि रोलर निसटून तोंडावर येऊ शकतो. ड्रममधली लायनरची धूळही हवेनं उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याचा कण फुप्फुसात गेला तर परत येत नाही. ओल्या फडक्यानं पुसावं.

नवं सील बसवण्याआधी हबची जागा साफ, कोरडी आणि गुळगुळीत करायची, सीलच्या कडेला तेल किंवा ग्रीसचा हात लावायचा. सील सरळ, एकसारखं खाली गेलं पाहिजे. त्यासाठी सील बसवायचं मापाचं साधन मिळतं. ते नसेल तर तेवढ्याच व्यासाची सपाट चकती वापरून गोलाकार हलके घाव द्यायचे. एका बाजूला हातोडीचे फटके मारत दुसऱ्या बाजूला नेलेलं सील आत वाकतं, त्याची स्प्रिंग उडते आणि ते पहिल्या फेरीलाच गळतं. हब परत चढवताना त्याचं वजन सीलवर येऊ द्यायचं नाही. बहुतेक नवी सीलं इथंच मरतात, कारण दमलेला माणूस जड हब टेकवत टेकवत आत ढकलतो. खाली जॅक घेऊन हब मध्यावर आणला तर दहा मिनिटं जास्त जातात, एवढंच.

बेअरिंगचा ताण हा या कामाचा गाभा आहे. हब फिरवत फिरवत नट आवळायचा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग कंपनीनं सांगितलेल्या मापाइतका सोडायचा आणि लॉक करायचा. साधारण जड वाहनांत हबला आत-बाहेर ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर एवढी हालचाल चालते. हे डायल गेजवर मोजायचं माप आहे. अनुभवी हातांना अंदाज असतो हे खरं, आणि त्या हातांबद्दल मला आदर आहे. पण मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत कोणताही हात रोज सारखा चालत नाही. मोठ्या गॅरेजनं डायल गेज घेतलाच पाहिजे, त्याचा खर्च एका जळालेल्या हबपेक्षा कमी आहे.

नंतर नवं पॅकिंग, शाफ्ट, नट. तेल कंपनीनं सांगितलेल्या दर्जाचं, पातळीच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. हब तेलावर चालणारा असेल तर त्यात आधी तेल पोचवावं लागतं. विरुद्ध बाजू थोडा वेळ उचलून धरली की तेल या बाजूला येतं, मग गाडी सपाट करून पातळी पुन्हा भरायची. हे विसरलं तर नवं बेअरिंग पहिल्या काही किलोमीटरांतच जातं. ब्रीदर काढून धुऊन, फुंकून बसवायचा. चाकाचे नट समोरासमोरच्या जोडीनं आवळायचे आणि थोडं अंतर चालवल्यावर पुन्हा तपासायचे.

राहिला लायनर. माझं मत पक्कं आहे आणि ते मी मऊ शब्दांत मांडणार नाही. तेल मुरलेला लायनर परत बसवायचा नसतो. तो सच्छिद्र असतो, तेल पृष्ठभागाखाली उतरतं. काही ठिकाणी त्यावर पेट्रोल ओतून पेटवतात, काही ठिकाणी पॉलिश पेपरनं घासतात. वरून कोरडा दिसतो, पहिल्या घाटात तापला की आतलं तेल पुन्हा वर येतं. जाळल्यानं लायनर बांधून ठेवणारी राळही कमजोर होते. आणि बदलायचा तो दोन्ही बाजूंचा. एका बाजूला नवा, दुसऱ्या बाजूला झिजलेला ठेवला तर दोन्हीकडची पकड असमान राहते. ड्रम धुऊन तेलाचा अंश काढायचा, त्यावर निळे डाग किंवा भेगा असतील तर तोही बाजूला करायचा.

याहूनही वाईट एक जुगाड आहे. गळणाऱ्या चाकाची हवेची नळी बंद करून त्या चाकाचा ब्रेकच काढून टाकायचा आणि गाडी पुढे पाठवायची. हे करणारा मिस्त्री बहुधा वाईट माणूस नसतो. समोर ड्रायव्हर असतो, माल वेळेत पोचवायचा असतो, मालक फोनवर सांगत असतो की आत्ता उतरवून या, मग बघू. फेरीवर पैसे मिळणाऱ्या ड्रायव्हरला गॅरेजमध्ये गेलेला दिवस स्वतःच्या खिशातून जातो. एक-दोन गाड्या असलेल्या मालकाला बँकेचा हप्ता चुकवायचा नसतो. या साखळीत सील बदलायला पैसे नाहीत असं कुणी म्हणत नाही. उशीर करायला कुणी तयार नसतं.

कायदा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५६ खाली व्यावसायिक वाहनाला योग्यता प्रमाणपत्र लागतं, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी. स्वयंचलित तपासणी केंद्रात रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजला जातो. तिथं तेलकट चक्का लपत नाही, म्हणून ही केंद्रं वाढावीत असं मला मनापासून वाटतं. पण ती तपासणी एका दिवसाची. सील दुसऱ्या दिवशीही जाऊ शकतं. वर्षाचे उरलेले दिवस गाडीभोवतीच्या फेरीवर आणि मालकाच्या एका वाक्यावर अवलंबून आहेत. ते वाक्य मालकानं आधीच सांगून ठेवावं. चाकाच्या आत तेल दिसलं तर मला न विचारता गाडी उभी कर, तुझा दिवस मी भरून देईन.

आणि तुम्ही, जे दिवाळीच्या सुट्टीत कारनं कोकणात, गोव्यात किंवा गावी निघाला असाल. ढाब्यावर चहाला थांबलात आणि शेजारच्या ट्रकच्या मागच्या चाकाच्या आत ताजी काळी चकाकी दिसली, तर त्या ड्रायव्हरला शोधून सांगा. तो अंधारात निघालेला असतो, आतली बाजू त्यानं पाहिलेली नसण्याची शक्यता मोठी आहे. "दादा, मागच्या डाव्या चक्क्याच्या आत तेल येतंय, घाट उतरायच्या आधी दाखवून घ्या," एवढं पुरे आहे.